शिडाच्या नौकेवरचा पहिला दिवस

पावसाळा सरून समुद्र निवळला की मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियासमोरच्या पाण्यावर शिडांचे पांढरे त्रिकोण दिसू लागतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मेपर्यंत हा त्यांचा हंगाम असतो. आपल्यापैकी अनेकांनी ही शिडे कठड्याशी उभे राहून चाळीस-पन्नास वर्षे पाहिली असतील. ती दुसऱ्या कुणाची तरी आहेत, असे मानून आपण शेंगदाण्याची पुडी संपवली आणि घरची वाट धरली.

आता दिवस पालटले आहेत. नातवंडे शिडाची नौका चालवायला शिकतात आणि एखाद्या दिवशी सहज विचारतात, "आजी, येतेस का आमच्याबरोबर?" अशा वेळी घरात एकदम दोन आवाज उठतात. एक म्हणतो, "या वयात कशाला?" दुसरा म्हणतो, "काही होत नाही, चला!" हे दोन्ही आवाज घाईचे आहेत. जायचे की नाही, हे वयाच्या आकड्यावरून ठरत नाही. आपला तोल, आपली औषधे, निवडलेला दिवस आणि सोबतची माणसे यांवरून ते ठरते. या चारही गोष्टींचा विचार किनाऱ्यावर, शांतपणे, पुरेसे दिवस आधी करता येतो.

नौका कशी असते

शर्यतीची नौका म्हणजे घारापुरीला नेणारी लाँच नव्हे. मुंबई बंदरात दिसणारी 'जे-२४' जातीची नौका उदाहरणादाखल घेऊ. तिची लांबी २४ फूट, म्हणजे सुमारे सव्वासात मीटर. शर्यतीत तिच्यावर साधारण पाच माणसे असतात. बाके नाहीत, छप्पर नाही, पाठ टेकायला जागा बेताची. बसायचे ते सुकाणूपुढच्या उघड्या खोलगट जागेत किंवा काठावर. वापरण्याजोगे शौचालय बहुधा नसते.

वारा शिडात भरला की ही नौका एका अंगावर कलते. नवख्या माणसाच्या छातीत धस्स होते ते याच क्षणी. नौकेचे सगळे वजन सुमारे १,४०० किलो असते आणि त्यापैकी सुमारे ४३० किलो केवळ तळाखालच्या जड पंखात असते. बुडाशी वजन असलेली बाहुली आडवी केली तरी पुन्हा उभी राहते, तसाच हा पंख नौकेला सरळ करू पाहतो. मंद वाऱ्यात हे कलणे म्हणजे बुडण्याची खूण नव्हे, चालण्याची रीत आहे. एवढे आधी ठाऊक असले तरी अर्धी भीती ओसरते.

दिवस कोणता निवडावा

पहिल्या खेपेस शर्यतीचा दिवस टाळावा. शर्यतीत प्रत्येकाचे लक्ष शिडावर असते, पाहुण्याकडे पाहायला कुणाला उसंत नसते. सरावाच्या किंवा सहलीच्या दिवशी, जाणत्या चालकाबरोबर, फार तर दोन तासांसाठी जावे. महिने डिसेंबर ते फेब्रुवारी हे उत्तम. एप्रिल-मेचे ऊन आणि ऑक्टोबरचा उकाडा ज्येष्ठांच्या अंगातले पाणी शोषून घेतो.

वाऱ्याचाही विचार करावा. शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे येथे प्रत्यक्ष भेटतात. सकाळी जमिनीकडचा वारा मंद असतो, तर दुपार चढत जाते तसा समुद्राकडचा वारा जोर धरतो. नवख्याने वाऱ्याचा अंदाज आदल्या दिवशी चालकाला विचारावा आणि तो "उद्या नको" म्हणाला, तर आनंदाने मान्य करावे.

यानंतर तिथी. कोकणातल्या वाचकांना हे गणित सांगायला नको. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ अंदाजे कळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात मुंबईच्या भरती-ओहोटीत चार मीटरच्या आसपास फरक पडतो. ओहोटीला शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडतात आणि प्रवाहही ओढ घेतो. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, हा फरक पुष्कळ कमी असतो. म्हणून अष्टमी-नवमीच्या दुपारी तीनच्या सुमारास निघावे. परतताना भरती होत आलेली असते, पाणी पायऱ्यांवर चढलेले असते आणि उतरणे सोपे जाते. नेमकी वेळ मात्र भरती-ओहोटीच्या छापील तक्त्यावरून पडताळून घ्यावी.

डॉक्टरांना काय विचारावे

"मी बोटीत बसू का?" एवढेच विचारू नये. नौका उघडी आहे, कलते, पटकन बाजू बदलावी लागते आणि किनाऱ्यावर परतायला वेळ लागू शकतो, हे सारे सांगावे. नुकतीच मोतीबिंदूची, हृदयाची किंवा सांध्याची शस्त्रक्रिया झाली असेल, अलीकडे घरात पडणे झाले असेल, चक्कर येत असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल किंवा हाडे फार ठिसूळ झाली असतील, तर बेत पुढे ढकलावा.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डोक्याला लागलेला किरकोळ वाटणारा मारही गंभीर ठरू शकतो. हे चालकालाही ठाऊक असावे. लघवीला जास्त लावणारी गोळी त्या दिवशी किती वाजता घ्यावी, हे डॉक्टरांनाच विचारावे, मनाने चुकवू नये. मधुमेहींनी जेवणाची आणि इन्सुलिनची वेळ नक्की करून घ्यावी आणि साखर किंवा ग्लुकोज खिशात ठेवावे.

बोट लागू नये म्हणून अनेक जण दुकानातून गोळी आणून घेतात. तरुणांना ती बहुधा फक्त पेंगुळवते. ज्येष्ठांना मात्र तिच्यामुळे गोंधळल्यासारखे होणे, तोल जाणे किंवा लघवी अडणे असा त्रास होऊ शकतो. प्रोस्टेटची वाढ किंवा काचबिंदू असल्यास तर विशेष जपावे. अशी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेऊ नये आणि पहिल्यांदा नौकेवर तर मुळीच घेऊ नये.

शरीराची तालीम

तीन-चार आठवडे आधी घरीच आरंभ करावा. भक्कम खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठावे आणि बसावे. प्रथम पाच वेळा, मग दहा वेळा. ओट्याला धरून एका पायावर काही क्षण उभे राहावे. आडवी पावले टाकून खोलीच्या टोकापर्यंत जावे. बुटक्या स्टुलावर बसून, बूड फार न उचलता, एका कडेकडून दुसऱ्या कडेला सरकण्याचा सराव करावा, कारण नौकेवर नेमके हेच करावे लागते. तोल जाण्याची धास्ती असेल तर जवळ कुणी असू द्यावे.

त्यानंतर एक रंगीत तालीम. गेटवेवरून घारापुरीला जाणाऱ्या लाँचमध्ये बसावे. जायला सुमारे एक तास लागतो. लेण्यांच्या पायऱ्या चढल्याच पाहिजेत असे नाही. धक्क्यावर चहा घेऊन परतले तरी काम झाले. हलत्या होडीत पाय ठेवता येतो का, पोट ढवळते का, दोन-अडीच तास शौचालयाविना निभतात का, या तीन प्रश्नांची उत्तरे ही फेरी देते. उत्तर नकारार्थी आले तरी काही बिघडले नाही. लाँचमधूनही शिडे जवळून दिसतातच.

अंगावर आणि पिशवीत

पायांत मऊ, न घसरणाऱ्या तळाचे, पुढून बंद बूट असावेत. चपला नकोत. साडी, धोतर, ओढणी ही दोरात आणि चक्रात अडकतात, म्हणून सलवार-कुडता किंवा पँट बरी. अंगठ्या, बांगड्या घरी ठेवाव्यात आणि मंगळसूत्र कुडत्याच्या आत घ्यावे. चष्म्याला दोरी बांधावी. श्रवणयंत्र भिजू नये, हे आधीच योजून ठेवावे. पाण्यावरून परावर्तित झालेले ऊन खालूनही भाजते, त्यामुळे टोपीच्या जोडीला गडद चष्मा आणि पूर्ण बाह्या हव्यात. सूर्य कलल्यावर भिजलेल्या अंगाला हिवाळ्यातला वारा झोंबतो, तेव्हा पातळ वाराप्रतिबंधक जाकीट जवळ असू द्यावे.

घरून निघताना पोट रिकामे नसावे आणि तुडुंबही नसावे. इडली, कमी तेलाचे पोहे किंवा मऊ भात पुरतो. बटाटेवडा परतल्यावर. शौचालयाच्या धास्तीने पाणीच न पिण्याची सवय अनेक ज्येष्ठांना असते. ती उन्हात घातक ठरते. निघण्यापूर्वी जाऊन यावे, घोट घोट पाणी पीत राहावे आणि म्हणूनच वेळ दोन तासांपुरती ठेवावी. नेहमीची औषधे, श्वासाचा पंप, छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवण्यासाठी डॉक्टरांनी दिलेली गोळी आणि आजार, औषधे व डॉक्टरांचा दूरध्वनी लिहिलेला कागद जलरोधक पाकिटात अंगावरच असावा.

पायरी ते नौका

सगळ्या दिवसात अपघाताची शक्यता जिथे अधिक, अशी जागा भर समुद्रात नाही. ती पायरी आणि होडी यांच्यामधल्या दीड-दोन फुटांत आहे. नौका पाण्यात बोयाला बांधलेली असते आणि तिथवर लहान होडीने जावे लागते. म्हणजे चढण्या-उतरण्याचे प्रसंग येता-जाता मिळून चार.

जीवरक्षक जाकीट पायरीवरच, होडीत पाय ठेवण्यापूर्वी घालावे. पट्टे घट्ट करावेत आणि मांड्यांमधून जाणारा पट्टा असेल तर तोही लावावा. पोहता येत नसेल, तर वायूने फुगणाऱ्यापेक्षा फोम भरलेले जाकीट मागून घ्यावे. ते जाडजूड दिसते, परंतु तरंगण्यासाठी ते कशाचीही वाट पाहत नाही. हातांत पिशवी नको. मदतनीसाने आपले मनगट धरावे आणि आपण त्याचे. लाट होडीला वर उचलते तेव्हा पाऊल ठेवावे. उडी मारू नये आणि आत येताच लगेच बसावे.

पाण्यावर

नौकेवर आल्यावर चालकाला तीन गोष्टी विचाराव्यात: मी कुठे बसू, काय धरू, कशाला हात लावू नको. शिडाचा तळ ज्या आडव्या दांड्याला बांधलेला असतो त्याला बूम म्हणतात. दिशा बदलताना तो एका बाजूकडून दुसरीकडे फिरतो आणि वारा पाठीमागून असताना तर फार वेगाने फिरतो. चालकाने हाक दिली की डोके खाली, हा पहिला नियम. त्याच्या आज्ञा इंग्रजीत असतील, तर "मला मराठीत 'वाका' म्हणा" असे निःसंकोच सांगावे. दोर गुंडाळणाऱ्या चक्राजवळ बोटे नेऊ नयेत. जागा बदलताना एक हात नेहमी नौकेला धरलेला असावा. पोट ढवळू लागल्यास फोनकडे पाहू नये, क्षितिजाकडे पाहावे.

आणि मग पाहावे. शीड भरते, नौका कलते, लाँचच्या इंजिनांची घरघर मागे पडते आणि काठाशी पाण्याची सळसळ तेवढी उरते. गेटवे, ताज आणि मागची इमारतींची रांग हळूहळू लहान होते. पूर्वेला घारापुरीचे डोंगर, त्यापलीकडे उरणची बाजू. जे शहर आयुष्यभर आतून पाहिले, ते प्रथमच बाहेरून दिसते.

या शहराच्या कारागिरांनी सागवानात घडवलेली ३२ फुटी 'सुहैली' ही नौका १९६४ मध्ये मुंबईतच पाण्यात उतरली. तीच घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये ३१२ दिवसांत, कुठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिलेच. २०१४ मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीत, ते अटलांटिक ओलांडणाऱ्या एकल शर्यतीत उतरले आणि आपल्या गटात तिसरे आले. आपल्याला त्यांची बरोबरी करायची नाही. त्यांच्या पाठीशी आयुष्यभराचा सराव होता, आपल्यापाशी चार आठवड्यांचा. आपला पल्लाही त्याच बेताचा ठेवावा.

सोबत जाणाऱ्यांसाठी

आई-वडिलांच्या वतीने "त्यांना नाही झेपणार" असे परस्पर सांगू नका. त्यांना विचारा. जायचे ठरल्यास नौका चालवणाऱ्यांशी आधी बोला: मदतीसाठी दुसरी होडी जवळ असेल का, बिनतारी संदेशयंत्र आहे का, मध्येच परतायचे झाल्यास किती वेळ लागेल. या प्रश्नांनी जो त्रासतो, त्याच्या नौकेत त्यांना बसवू नका. विस्मरणाचा आजार असलेली व्यक्ती अचानक उठून उभी राहू शकते. तिच्यासाठी ही नौका योग्य नाही, लाँचची फेरीच बरी.

पायरीवर पोहोचल्यावर त्या म्हणाल्या, "आज नको," तर तिथेच थांबा. "एवढे पैसे भरले," "लोक बघताहेत," असे काही बोलू नका. हसूही नका. आपला नकार मानला जातो हे ज्याला ठाऊक असते, तोच पुढच्या वेळी मोकळ्या मनाने होकार देतो.

परतल्यावरही हात सोडू नका. पाण्यावरून उतरल्यानंतर काही तास जमीन डोलल्यासारखी वाटते. त्या संध्याकाळी स्नानगृहात जाताना कुणीतरी जवळ असावे, रात्री दिवा लावून ठेवावा. पाणी, हलके जेवण आणि लवकर झोप. दुसऱ्या दिवशी अंग दुखेल, ते साहजिक आहे. छातीत दुखणे, डोक्याला लागल्यानंतर वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या किंवा गुंगी यांपैकी काहीही झाले, तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे. सारे ठीक असेल, तर त्यांना काय काय दिसले ते विचारा आणि पूर्ण ऐकून घ्या.