जळका मोडेम

३० सप्टेंबर २०२५ रोजीं अमेरिकेंतील एओएल या कंपनीनें दूरध्वनीच्या तारेवरून इंटरनेट पुरविण्याची आपली जुनी डायल-अप सेवा बंद केली. पुष्कळांनीं ही बातमी वाचून पान उलटलें असेल. आम्हीं मात्र कपाटाचा खालचा खण उघडला आणि जुन्या किल्ल्या व बिनकांचेचे चष्मे यांच्या खालून तळहाताएवढी एक हिरवी पट्टी बाहेर काढली. तिच्या एका कोपऱ्यावर काळा डाग आहे. हा आमचा पहिला मोडेम. २००३ सालच्या मे महिन्यांत त्याला देवाज्ञा झाली.

मुळशी तालुक्यांतील घोटावडें हें आमचें गांव. आज तें पुण्याच्या अगदीं दाराशीं आलें आहे. पण त्या काळीं, जवळच हिंजवडीस संगणकाच्या मोठमोठ्या कंपन्या उभ्या राहत असतांना, आमच्याकडे भाताच्या खाचरांवरून खांबाखांबानें येणारी दूरध्वनीची एक तार एवढाच काय तो जगाशीं संबंध होता. मुळशीच्या लोकांना असल्या विषमतेची संवय जुनी आहे. १९२१ सालीं सेनापती बापटांच्या नेतृत्वाखालीं येथील मावळ्यांनीं ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, त्याच्या पाण्यावर झालेली वीज मुंबईस गेली. आमच्या वांट्याला बहुधा आकाशांतलीच यावयाची!

ती वळवाच्या पहिल्या पावसांत आली. वीज तारेवरच पडावयास हवी असें नाहीं. जवळपास कोठें कोसळली तरी लांब तारेंत क्षणभर विलक्षण दाब उत्पन्न होतो, आणि तार जेथें संपते तेथें तो वाट शोधूं लागतो. गंमत अशी कीं, फोन वांचला. कानाला लावला तर नेहमींचा सूर ऐकूं येई; संगणक मात्र 'डायल टोन नाहीं' हें एकच पालुपद घोळवीत बसला.

मॉड्युलेटर आणि डिमॉड्युलेटर या दोन शब्दांचे तुकडे जोडून मोडेम हें नांव झालें आहे. संगणकाला शून्य व एक अशीं दोनच अक्षरें येतात, आणि माणसाच्या आवाजासाठीं बांधलेल्या तारेवरून तीं जशींच्या तशीं जात नाहींत. म्हणून अलीकडचा मोडेम त्यांचे सूर करतो व पलीकडचा त्या सुरांचीं पुन्हा अक्षरें करतो. जोडणीच्या वेळीं ऐकूं येणारी ती किंकाळी व खरखर म्हणजे दोन दुभाष्यांचें एकमेकांस विचारणें असे, कीं तार कितपत बरी आहे आणि किती वेगानें बोलावें.

आमच्या घरीं या दुभाष्याचें मुख्य काम आईचें होतें. ताई अमेरिकेंत, आई घोटावड्यास. दर रविवारीं आई खुर्चीशेजारीं बसून मजकूर सांगे आणि आम्ही तो रोमन अक्षरांत टंकीत असूं. ताईचें उत्तर आलें कीं तें मोठ्यानें वाचून दाखवीत असूं.

मोडेम जळला तेव्हां आमच्यापुढें विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पडले होते. तीन आठवडे दुरुस्तीस सवड झाली नाहीं. आई दोन रविवार थांबली. मग म्हणाली, "अरे, तुझें यंत्र बरें होईपर्यंत मीच लिहितें आपली." आणि टपालांतून निळें हवाईपत्र मागवून थरथरत्या हातानें एक सबंध दुपार लिहीत बसली.

पुढें एकदांचे आम्ही पुण्यास तपकीर गल्लींत गेलों. जुना मोडेम पाहून दुकानांतला पोरगेलासा मुलगा हसला. "सर, आयएसए आतां कोण ठेवतो? पांढरा स्लॉट असेल ना, त्यांत पीसीआय बसवा." नवा मोडेम स्वस्त होता, कां, तें मागाहून कळलें. आपलें निम्मेंअधिक काम तो संगणकाच्या प्रोसेसरवर टाकी, त्यामुळें आमचा म्हातारा पेंटियम धापा टाकूं लागे. असो. घरीं येऊन पेटी उघडली, अंगांतली स्थिर वीज उतरावी म्हणून लोखंडी सांगाड्यास हात लावला, काळ्या खांचेंतून जुना मोडेम उपसला व पांढऱ्या खांचेंत नवा दाबला. सोबतच्या चकतीवरील ड्रायव्हर दोनदां नाकबूल झाला. अखेर रात्रीं अकराच्या सुमारास ती ओळखीची किंकाळी ऐकूं आली, आणि आम्ही विजयी मुद्रेनें पत्रें उघडलीं.

ताईचें एक पत्र आलें होतें. पूर्वींच्या सगळ्या पत्रांहून लांब. "आईचें पत्र मिळालें. कपिला संक्रांतीला गेली हें तूं मला कां कळविलें नाहींस? आणि माझी नोकरी गेल्याचें आईला सांगूं नको म्हणून मीं तुला लिहिलें होतें. पण तिला तें केव्हांच कळलें आहे. ती लिहिते, 'तो तुझें पत्र वाचतांना एका ठिकाणीं अडखळला, तेव्हांच मीं ओळखलें. तूं उपाशी राहूं नकोस.'"

आम्हीं तें पुन्हा वाचलें. कपिलेची हकीकत आईनें आम्हांस सांगितली होती, चांगली अर्धा तास. मिनिटामिनिटाचे पैसे पडत होते, अक्षरें शोधून बोटें दुखत होतीं. आम्हीं 'इकडे सर्व ठीक' असें टंकून मोकळे झालों होतों. कित्येक रविवार आई जें बोलली त्याचा दहावा हिस्साहि समुद्रापार गेला नव्हता, आणि पलीकडून आलेलें आम्ही आमच्या सोयीनें गाळून ऐकवीत होतों. वीज पडून जळलेला मोडेम निदान आपण बंद आहों हें कबूल तरी करीत होता!

दुसऱ्या दिवशीं ताईचें पत्र आईला अक्षरशः वाचून दाखविलें. नोकरीच्या ओळीशीं आलों तेव्हां आईनें मान हलविली. बोलली कांहीं नाहीं. त्यानंतर मजकूर टंकून झाला कीं ती न चुकतां म्हणे, "काय लिहिलेंस तें वाच बघूं." आणि आम्ही पहिल्या शब्दापासून वाचीत असूं.