कागजीपुऱ्याची सहल

सहल म्हटली की आमच्या शाळेतील मुलींच्या ओठांवर दोनच नावे येतात, वेरूळ आणि दौलताबादचा किल्ला. यंदा आठवीच्या वर्गाला मी म्हटले, "या दोन्हींच्या मधल्या एका गावात उतरू." ते गाव म्हणजे कागजीपुरा. शहरातून खुलताबादकडे जाताना किल्ला मागे पडतो, घाट चढला की रस्त्यालगत ही वस्ती लागते. आपण कितीदा तरी तिथून जातो, पण थांबत नाही.

मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली. त्या काफिल्यात कागद करणारेही होते, असे इथले कागजी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. राजधानी काही वर्षांतच परत गेली, पण हे लोक इथेच राहिले. दफ्तर कोणाचेही असो, कागद लागतच होता. मोडीतील जुन्या लिखाणासाठीही दौलताबादी आणि जुन्नरी कागद वापरला जाई. बसमध्ये मी मुलींना सांगितले की कागदाचा हुन्नर चीनमधला. समरकंदवरून तो आठव्या शतकात बगदादला पोहोचला आणि तिथे कागद व किताबांचा मोठा बाजार उभा राहिला. आपला 'कागद' हा शब्दसुद्धा फारसीतून आला आहे.

कारखान्यात शिरल्यावर मुली थोड्या हिरमुसल्या. समोर होता तो चिंध्यांचा ढीग! एक वयस्क कारागीर पुढे आले. मुली त्यांना चाचा म्हणू लागल्या. ते म्हणाले, "झाड तोडायचं काम नाही आमच्याकडे. कपड्यांच्या कारखान्यातली सुती कात्रणं हाच आमचा माल." मग त्यांनी विचारले, "यातली कोणती चिंधी चालणार नाही, सांगा बघू?"

सगळ्या गप्प. तेवढ्यात मागून एक मुलगी पुढे आली. वर्गात तोंड न उघडणारी. वडील काय करतात असे विचारले की 'धंदा' एवढेच सांगून मान खाली घालणारी. तिने ढिगात हात घातला, दोन तुकडे चिमटीत चोळून बाजूला ठेवले. "यात पॉलिस्टर आहे. धागा जाळला तर त्याची गोळी होते आणि प्लास्टिकचा वास येतो. सुताची राख होते."

"कुणी शिकवलं, बेटा?"

"अब्बूंनी. ते हातगाडीवर भंगार घेतात."

हे ती सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाली. कोणी हसले नाही. चाचा म्हणाले, "आमच्या दादांच्या वेळी जुने कपडे, जुनी दोरखंडं असंच गोळा करून आणायचे. तेव्हा कागद व्हायचा."

पुढे सगळी कामे पाहिली. चिंध्या बारीक कापून यंत्रात पाण्याबरोबर कुटतात, त्याचा लगदा होतो. तो हौदात पाण्यात कालवतात. जाळीची चौकट त्यात बुडवून आडवी उचलली की पाणी गळते आणि जाळीवर पातळ थर राहतो. तो कापडावर उलटा घालतात, दाबाखाली पाणी काढतात आणि वाळवतात. पूर्वी ओले ताव चुन्याच्या भिंतीला चिकटवून वाळवीत आणि खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटीत, म्हणजे बोरू अडखळत नसे. प्रत्येक मुलीने एकेक ताव काढला. माझा ताव एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला फाटका. मुलींना हसायला निमित्त मिळाले.

निघताना मी चाचांना त्यांच्या मुलांबद्दल विचारले. "वाळूजला कंपनीत जातात. महिन्याचा पगार ठरलेला असतो," ते म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता. मागणी आता लग्नपत्रिका, फाइली आणि पिशव्यांची. तुम्ही वेरूळला जाल तेव्हा मुलांना घेऊन तासभर इथे थांबा. आधी विचारून जा, जुमाच्या नमाजची वेळ टाळा आणि दोन ताव विकत घ्या.

आमची शाळा आठवीपर्यंतच आहे. शिक्षण हक्क कायद्यातले मोफत शिक्षणही तिथेच संपते आणि दरवर्षी काही मुली तिथेच थांबतात. या मुलीच्या अम्मीनेही मला दिवाळीपूर्वीच सांगून ठेवले होते, "आपा, आता बस झालं." सहलीनंतर मी तिच्या अब्बूंना निरोप पाठवला. ते आले, हातगाडी फाटकाबाहेर लावून. मी लेकीने काढलेला ताव त्यांच्या हातात दिला आणि ढिगापाशी काय घडले ते सांगितले. त्यांनी ताव उजेडाकडे धरला, कडेवरून अंगठा फिरवला.

"होजियरीचा आहे," ते म्हणाले. मग जरा थांबून विचारले, "नववीचा फॉर्म कुठे मिळतो, आपा?"

अल्हम्दुलिल्लाह, फॉर्म भरला आहे. जूनमध्ये ती हायस्कूलच्या दारात दिसली की मी निश्चिंत होईन.