कपाटावरचा गठ्ठा

आज लेकीच्या चित्रांचा गठ्ठा काढून बसले. पाठकोऱ्या कागदांवर खडूचे मोठे गोल आणि गोलातूनच फुटलेले हातपाय. धड नाहीच! तीन-चार वर्षांची पुष्कळ मुलं माणूस असाच काढतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या रोडा केलॉग यांनी लहान मुलांची सुमारे दहा लाख चित्रं जमवली, १९६९ मध्ये त्यांवर पुस्तक लिहिलं. गिरगोट्यांनाही क्रम असतो, असं त्यांचं म्हणणं.

म्हणून सगळंच ठेवायचं? दोन खोल्यांत ते जमणारं नाही. छापील चित्रांत भरलेले रंग खुशाल रद्दीत जावेत. पण तिनं पहिल्यांदा काही वेगळं केलं, ती पानं राहिली पाहिजेत. आजोबांच्या चित्रात चष्म्याची दोरी थेट पायापर्यंत आलीय; ते पान मी कुणाला देणार नाही. मागे पेन्सिलीनं तारीख घातली, तिनं सांगितलेली गोष्ट तिच्याच बोबड्या शब्दांत लिहिली. सेलोटेप मात्र नको, ती पिवळी पडते नि कागदावर डाग सोडते. स्केचपेनचे रंग उन्हानं उडतात, तेव्हा भिंतीवर लावण्याआधी फोटो काढलेला बरा.

आणि टाकायचं ते तिला विचारूनच. ती नाही म्हणाली, तर ते चित्र घरात राहील.