मनसरचा काळा डोंगर

सीताबर्डीहून रामटेकास दर्शनाला निघालेला यात्रेकरू वाटेंत मनसरला क्वचितच उतरतो. प्रस्तुत लेखकही पुष्कळ वर्षें त्यांतलाच होता. एकदां वर्गांत ‘मेघदूत’ शिकवितांना रामगिरीचें वर्णन रंगांत आलें असतां एका विद्यार्थ्यानें विचारलें, “गुरुजी, आमच्या मनसरच्या डोंगरावर कोणीं कांहींच लिहिलें नाहीं कां?” त्याचे वडील तेथील खाणींत कामाला होते. मला उत्तर सुचलें नाहीं.

गेल्या मार्गशीर्षांत नातवाला घेऊन मुद्दाम मनसरला उतरलों. या प्रांतांतील मँगनीजसाठीं १८९६ सालीं इंग्रजांनीं एक मंडळी स्थापिली. तिच्या खाणी १९६२ सालीं नव्या भारतीय कंपनीकडे आल्या आणि १९७७ सालीं ती कंपनी पूर्णपणें सरकारी झाली. पोलादास बळकटी देणारें हें खनिज बोटींतून परदेशीं गेलें. येथें राहिली काळी माती, आणि तींत पिढ्यान्‌पिढ्या राबलेलीं घरें.

जवळच हिडिंबा टेकडीवर पुराणवस्तुसंशोधकांनीं वाकाटककालीन अवशेष उकरून काढले आहेत. गांव एकच, परंतु राजांच्या विटा निघाल्या त्या खोदकामास आपण वारसा म्हणतों, आणि मजुरांनीं केलेल्या खोदकामास नुसता खड्डा!

“आजोबा, आपल्या घरांत मँगनीज आहे कां?” नातवानें विचारलें.

“खिडकीच्या गजांत आहे; विजेरीच्या साध्या सेलांतही असतें.”

तो जुना विद्यार्थी हा अंक वाचीत असेल, तर त्यानें उशिरां कां होईना, आपल्या प्रश्नाचें उत्तर पोंचलें असें समजावें.