पाच फोटोंची सहल

मुलांनो, तुम्ही कधी भाट्याला गेला आहात का? रत्नागिरीतून खाडीवरचा पूल ओलांडला की लगेच भाट्ये. काजळी नदी इथेच समुद्राला मिळते. किनाऱ्यावर सुरूचं बन, जवळच नारळ संशोधन केंद्र आणि खाडीपलीकडे रत्नदुर्गाचा डोंगर. गेल्या हिवाळ्यात आमच्या चौथीच्या वर्गाची सहल तिथे गेली होती. डब्यांबरोबर माझा मोबाइलही होता, फोटो काढायला.

निघतानाच मी सांगितलं, "प्रत्येक गटाला फक्त पाच फोटो!" मुलं हिरमुसली. मग मी त्यांना माझ्या बाबांच्या जुन्या कॅमेऱ्याची गोष्ट सांगितली. त्यात रोल घालावा लागे आणि एका रोलमध्ये छत्तीसच फोटो निघत. त्यामुळे बाबा आधी नीट बघायचे आणि मगच बटण दाबायचे.

ओहोटीची वेळ होती. ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांची सुंदर नक्षी पसरली होती. "बाई, ही रांगोळी कोणी काढली?" चिमुकल्या खेकड्यांनी! ते वाळू तोंडात घेतात, तिच्यातलं बारीक अन्न खातात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतात. भरती आली की सगळं पुसलं जातं. मुलं धावली आणि खेकडे गडप! पावलांचा हादरा आणि आपली सावली त्यांना लगेच कळते. मग आम्ही वाळूवर पालथे पडलो, अगदी गप्प. थोड्या वेळाने एकेक खेकडा हळूच वर आला. पहिला फोटो मिळाला.

खाडीच्या चिखलात, तिवरांच्या मुळांजवळ, निवटे उड्या मारत होते. निवटा हा मासाच, पण अंग ओलं असेल तोवर तो पाण्याबाहेरही श्वास घेतो. तिथे आम्ही काठावरूनच फोटो काढला. चिखलात कोणी उतरायचं नाही, हा आमचा नियम होता.

आता माझी चूक सांगते. परतताना रुईच्या पानाखाली एक हिरवट कोश लटकलेला दिसला. त्यावर सोनेरी ठिपके होते. रुईची पानं खाणाऱ्या एका केशरी फुलपाखराचा तो कोश. रुईतलं विष अळीच्या अंगात साठतं आणि फुलपाखरातही उरतं, म्हणून पक्षी सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. सावलीत फोटो काळा येत होता. मी पान उजेडाकडे वळवलं, तर देठ मोडला आणि कोश वाळूत पडला.

सगळे गप्प झाले. एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, तुम्हीच तर म्हणालात, हात लावायचा नाही."

काय बोलणार? मी म्हटलं, "चुकलं माझं." कोश अलगद उचलून आम्ही शाळेत आणला आणि दोऱ्याने टांगून ठेवला. रोज मुलं येऊन आधी तोच बघत. आठवडा उलटल्यावर कोश काळसर झाला, आतले केशरी पंख दिसू लागले. एका सकाळी फुलपाखरू बाहेर आलं, पण त्याचा एक पंख चुरगळलेलाच राहिला. ते उडू शकलं नाही.

मी पान वळवून काढलेला फोटो अगदी स्पष्ट आला होता. तरी मुलांनी भिंतीवर लावायला त्याआधीचा काळपट फोटोच निवडला. त्याखाली तारीख, जागा आणि झाडाचं नाव लिहिलं.

बालमित्रांनो, तुमच्या परसात, बांधावर, ओढ्याकाठी असे कितीतरी जीव आहेत. आईबाबांना घेऊन सकाळी जा. खाली वाकून जिवाच्या डोळ्यांच्या उंचीवरून बघा. फ्लॅश नको, फांदी मोडायला नको, दगड उचललात तर परत तसाच ठेवा. आणि हो, फोटो पाचच! सहावा डोळ्यांनी काढा.