तारनाक्याचं देणं

ज्यांचं ऋण सांगायचं त्या मॅडमचं नाव इथे देत नाही. त्यांना ते रुचणार नाही. हैदराबादमधल्या तारनाक्याच्या ईफ्लूत, म्हणजे इंग्रजी आणि विदेशी भाषा विद्यापीठात, जुन्या लोकांच्या 'सीफेल'मध्ये, मी नांदेडहून शिकायला गेलो. वर्गात मणिपूरची मुलं होती, सुदानहून शिकायला आलेले एक शिक्षक होते. विषय होता आंतरसांस्कृतिक संवाद.

मॅडम विषयाचं मूळ आधी उकरायच्या. मानवशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल १९५०च्या दशकात अमेरिकी मुत्सद्द्यांना परक्या माणसाशी कसं वागावं ते शिकवत होते, तेव्हा त्याच देशाच्या दक्षिणेत काळ्यांना बसमध्ये मागच्या बाकांवर बसावं लागे. तो परकेपणा अभ्यासक्रमात नव्हता. मग मॅडम 'अमुक खंडातले लोक वेळ पाळत नाहीत' असलं एखादं वाक्य फळ्यावर लिहीत आणि खंडाच्या जागी आपल्याकडची एक जात घालून मोठ्याने वाचायला सांगत. वाचणाऱ्याची जीभ अडायची. सुदानी सर तेवढे हसायचे. 'टू लेट'ची पाटी लटकलेलं घर त्यांना पाहताच भरलेलं निघायचं. हे त्यांनी वर्गात सांगितलं, तेही मॅडमनी विचारलं म्हणून.

"तुमच्या इरावतीबाई वाचल्यात का?" एकदा त्यांनी मला विचारलं. इरावती कर्वे यांचं 'युगान्त' वाचलं होतं. बर्लिनच्या इरावतीबाई मला या तेलुगू बाईंनी दिल्या. तिथे मानवशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्या मोजून, कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकाचा वंशाशी संबंध नाही, असं इरावतीबाईंनी गुरूच्या मताविरुद्ध लिहिलं. फिशर पुढे नाझींच्या वंशशास्त्राचे मोठे आधार झाले. इरावतीबाईंनीही परतल्यावर जातवार मोजमापं घेतलीच. मॅडमनी तेही झाकलं नाही. म्हणूनच त्यांच्यावर विश्वास बसला.

तारनाक्याजवळच उप्पल रस्त्यावर सीसीएमबी ही जीवशास्त्राची संशोधन संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी हार्वर्डच्या साथीने २००९मध्ये दाखवलं की भारतातले बहुतेक समाजगट दोन प्राचीन समूहांच्या सरमिसळीतून आले आहेत. गल्लीतल्या घरमालकांपर्यंत ते काही पोचलं नव्हतं.

आता मी इंजिनिअरिंगच्या मुलांना 'कम्युनिकेशन स्किल्स' शिकवतो. पुस्तकात हस्तांदोलन आहे, जपानी माणसाला व्हिजिटिंग कार्ड कसं द्यावं ते आहे. पहिला तास मी भाड्याची खोली कुणाला नाकारली जाते यावर घेतो. मुलं बोलतात, कधी भांडतातही. परीक्षेत त्यावर एकही गुण नाही.