पात किती रुंद असावी?

सेलूच्या काळ्या रानात कापूस वेचायला बायका उतरल्या की प्रत्येकीची पात ठरते. आपापली पात धरून सगळ्या बरोबरीनं पुढं सरकतात, म्हणून वावर लवकर उरकतं. मी सर्व्हरच्या डिस्क सांभाळण्याचं काम करतो. गावाकडं कुणी विचारलं की स्ट्रायपिंग, म्हणजे डेटाचे तुकडे पाडून ते अनेक डिस्कवर वाटणं, मी असंच समजावतो.

1988 मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी स्वस्त डिस्क एकत्र जुंपण्याची 'रेड' ही कल्पना मांडली. समजा डिस्क चार आणि पात 64 केबीची. पहिली पात पहिल्या डिस्कवर, दुसरी दुसऱ्या, पाचवी पुन्हा पहिल्या. चारही डिस्कवरची एकेक पात मिळून एक रांग. वेग चौपट व्हायला हवा. तो होतोच असं नाही.

एकदा व्हिडिओच्या मोठ्या फायलींसाठी लावलेला असा संच मला दुपटीच्या वर जाताना दिसेना. डिस्क चारही धडधाकट. दोष मागणीच्या आकारात होता. ऑपरेटिंग सिस्टीम प्रत्येक मागणी 128 केबीवर तोडत होती, आणि एक पुरी झाल्याशिवाय दुसरी जात नव्हती. म्हणजे दोन डिस्क कामाला, दोन बांधावर बसून. फ्रीबीएसडीत 128 केबीची ही मर्यादा कित्येक वर्षं होती. 2021 च्या तेराव्या आवृत्तीत ती 1 एमबी झाली. आम्ही रीड-अहेड वाढवून निदान दोन पूर्ण रांगा, म्हणजे 512 केबी, आधीच मागवू लागलो. चौघी कामाला लागल्या.

पात बारीक केली असती, तरी त्याच मागणीत चौघी आल्या असत्या. मग पात बारीकच ठेवावी का? नाही. मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या डिस्कला हव्या त्या जागी पोचायलाच सुमारे 12 मिलिसेकंद लागतात. तिथले 64 केबी वाचायला अर्धासुद्धा नाही. सगळा वेळ रानापर्यंत चालण्यात जातो. डेटाबेसच्या 8 केबीच्या मागणीसाठी दोन डिस्कना पाठवणं म्हणजे मूठभर कापसासाठी दोघींची पायपीट. तिथं पात रुंद हवी, म्हणजे चार डिस्क चार वेगळ्या मागण्या भागवतात. लिनक्सवर रेड जुळवणाऱ्या एमडीएडीएम या साधनात पूर्वी 64 केबी असलेली पात आता न सांगता 512 केबीची पडते.

बांधही जुळावा लागतो. पूर्वी पार्टिशन त्रेसष्टाव्या सेक्टरपासून, 31.5 केबीवर सुरू व्हायचं. 64 केबीची प्रत्येक मागणी दोन पातींत पाय टाकून उभी. आता सुरुवात 1 एमबीवर होते, म्हणून हा त्रास गेला. रेड-5 मध्ये, जिथं डिस्क गेली तर डेटा परत मिळवण्यासाठी पॅरिटी ठेवतात, छोटं लेखन मात्र अजून महाग आहे: जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, मग दोन्ही नव्यानं लिहा. एका लेखनाची चार कामं. पूर्ण रांग एकदम लिहिली तर वाचन लागतच नाही.

म्हणून 'अजून एक डिस्क घ्यावी का?' असं कुणी विचारलं, की मी आधी डिस्कचं काम मोजणारं आयओस्टॅट लावतो आणि सरासरी मागणी किती केबीची येते ते पाहतो. पात त्यानंतर आखायची.